विश्लेषण : संसार मोडला तरी हमी कायम? जोडीदाराच्या कॅनडा ‘पीआर’चे नियम काय सांगतात?

‘मुलगा कॅनडात, पीआर झालेला’ ही ओळ विवाहमंडळांच्या बायोडेटामध्ये आता नवी राहिलेली नाही. लग्न पार पडले की सूनबाई तिकडे कधी जाणार, हा प्रश्न सुरू होतो. त्यासाठीच्या अर्जात एका हमीपत्रावर सही करावी लागते. ही हमी पतीने पत्नीला किंवा पत्नीने पतीला दिलेली नसते, ती सरकारला दिलेली असते. त्यामुळे नाते संपले तरी तिची मुदत संपत नाही.

प्रायोजक कोण होऊ शकतो?

वय किमान १८ वर्षे आणि कॅनडाचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा दर्जा, म्हणजेच पीआर, ही मुख्य अट. पीआरधारकाला कॅनडात राहूनच अर्ज करावा लागतो. नागरिक परदेशातूनही अर्ज करू शकतो. मात्र जोडीदाराला पीआर मिळाल्यावर कॅनडात राहणार असल्याचे त्याला दाखवावे लागते. पती किंवा पत्नीसाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नसते. पण अपंगत्वाशिवाय अन्य कारणाने सरकारी निर्वाहभत्ता घेणाऱ्याला प्रायोजक होता येत नाही. जो स्वतः जोडीदार म्हणून प्रायोजित होऊन पीआर झाला, त्याला त्या तारखेपासून पाच वर्षे नव्या जोडीदाराला प्रायोजित करता येत नाही.

‘जोडीदार’ म्हणजे नेमके कोण?

तीन गट आहेत. पहिला, कायदेशीर पती किंवा पत्नी. दुसरा, लग्न न करता सलग किमान १२ महिने एकत्र राहिलेले जोडपे. तिसरा, किमान वर्षभराचे नाते असूनही मोठ्या कायदेशीर किंवा सामाजिक अडथळ्यामुळे लग्न वा सहवास शक्य न झालेले जोडीदार. कॅनडात समलिंगी विवाहाला २००५ पासून देशभर कायदेशीर मान्यता आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे भारतातील समलिंगी जोडप्यांसाठी दुसरा आणि तिसरा गट महत्त्वाचा ठरतो.

एक जण पुण्यात आणि दुसरा टोरांटोत बसून व्हिडीओ कॉलवर लागलेले लग्न मात्र चालत नाही. जून २०१५ पासून लग्नविधीला दोघेही प्रत्यक्ष हजर असणे बंधनकारक आहे. लष्करी सेवेतील व्यक्तींसाठीच त्यात अपवाद आहे.

हमीपत्रात काय असते?

जोडीदाराच्या अन्न, वस्त्र, निवारा अशा मूलभूत गरजा भागवण्याची जबाबदारी प्रायोजक घेतो. जोडीदार पीआर झाल्यापासून तीन वर्षे ही हमी लागू राहते. या काळात जोडीदाराने सरकारी निर्वाहभत्ता घेतला, तर ती रक्कम प्रायोजकाकडून वसूल होऊ शकते आणि ती फेडेपर्यंत त्याला दुसऱ्या कोणालाही प्रायोजित करता येत नाही. घटस्फोट झाला, नोकरी गेली, दुसऱ्या शहरात बस्तान हलवले किंवा जोडीदार कॅनडाचा नागरिक झाला, तरी हमी रद्द होत नाही.

ओंटारिओतील काही प्रायोजकांनी या वसुलीला आव्हान दिले होते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘मावी’ खटल्यात निकाल दिला. सरकारने नोटीस द्यावी, प्रायोजकाची बाजू ऐकावी, वसुली पुढे ढकलण्याचा विचार करावा. पण कर्ज माफ होत नाही, असा त्याचा सारांश आहे. क्यूबेक प्रांतात हमीपत्राची प्रक्रिया वेगळी आहे.

‘माझ्यामुळे पीआर मिळाला, मी तो रद्द करीन’ ही धमकी खरी असते का?

नाही. अर्ज मंजूर होऊन दर्जा मिळेपर्यंत प्रायोजक आपला अर्ज मागे घेऊ शकतो. त्यानंतर पीआर देणे वा काढणे त्याच्या हातात नसते. ऑक्टोबर २०१२ मध्ये काही जोडप्यांना दोन वर्षे एकत्र राहण्याची अट घातली गेली होती. छळ होत असूनही जोडीदार घर सोडू शकत नाही, अशी टीका झाल्यावर एप्रिल २०१७ मध्ये ती रद्द झाली. त्यामुळे खरे नाते पुढे तुटले, एवढ्या कारणाने पीआर जात नाही. लग्नच खोटे होते किंवा माहिती लपवली होती, असे सिद्ध झाल्यास मात्र तो जाऊ शकतो.

ज्यांना अजून पीआर मिळालेला नाही, अशा कौटुंबिक हिंसाचारग्रस्तांसाठी जुलै २०१९ पासून विशेष तात्पुरता परवाना आहे. त्याला शुल्क नाही.

ठरवून केलेले लग्न अडचणीचे ठरते का?

ठरवून केलेले लग्न हे नकाराचे कारण नाही. नाते खरे आहे का आणि ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी जोडलेले नाही ना, हे अधिकारी तपासतो. दोन्हींपैकी एका मुद्द्यावरही शंका राहिली तरी नकार येऊ शकतो. म्हणून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, दोन्ही घरच्यांसोबतचे फोटो, प्रवासाची तिकिटे, कॉल व चॅटच्या नोंदी आणि पैसे पाठवल्याचे पुरावे जपून ठेवावेत. स्थळ कोणी सुचवले, पहिली भेट कधी झाली, याची दोघांची उत्तरे जुळायला हवीत.

अर्ज भारतातून की कॅनडातून?

जोडीदार भारतात असेल, तर ‘फॅमिली क्लास’मधून अर्ज होतो. नकार आल्यास प्रायोजकाला ३० दिवसांत इमिग्रेशन अपील विभागाकडे दाद मागता येते. जोडीदार कॅनडात सोबत राहत असेल, तर तिथल्या तिथे अर्जाचा दुसरा मार्ग आहे. त्यात नकार आल्यास या विभागाकडे अपील नाही. फेडरल कोर्टाचा दरवाजा ठोठवावा लागतो. ३० एप्रिल २०२४ पासूनच्या दरानुसार प्रायोजकत्वाचे ८५, प्रक्रियेचे ५४५ आणि पीआर हक्काचे ५७५ असे एकूण १,२०५ कॅनेडियन डॉलर लागतात. बायोमेट्रिकचे ८५ डॉलर आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च वेगळा. दर अधूनमधून वाढतात, त्यामुळे अर्ज भरताना ते पुन्हा तपासावेत.

सर्वात महागात पडणारी चूक कोणती?

लग्न लपवणे. अविवाहित म्हणून एक्स्प्रेस एंट्रीत अर्ज केला, मधल्या काळात गावी लग्न उरकले आणि ते न कळवताच कॅनडात पाऊल ठेवून पीआर घेतला, तर पुढे त्याच पत्नीला फॅमिली क्लासमधून प्रायोजित करण्याचा मार्ग बंद होतो. ती लगेच सोबत जाणार नसली, तरी तिचे नाव अर्जात देणे आणि तिची तपासणी होणे आवश्यक असते. २०१९ मध्ये या नियमातून प्रायोगिक सवलत आली; पण ती निर्वासित म्हणून किंवा प्रायोजित कुटुंबीय म्हणून आलेल्यांसारख्या ठरावीक गटांपुरती होती, एक्स्प्रेस एंट्रीतून आलेल्यांना ती लागू नव्हती. त्यामुळे पीआर हाती येण्याआधी लग्न झाले असेल, तर विमानात बसण्यापूर्वीच ते इमिग्रेशन विभागाला कळवणे गरजेचे आहे.