वाडा पडला, कुटी राहिली

मंडळी, वाडा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे दगडी जोते, दिंडीदरवाजा आणि मधला चौक उभा राहतो. मुंबईच्या धनिकांचा वाडा निराळा. त्याला बंगला म्हणतात. मलबार टेकडीवर समुद्राकडे तोंड करून असाच एक बंगला उभा होता. नाव मेहरानगीर. घरमालकीण मेहेरबाई आणि मालक जहांगीर भाभा. दोघांची नावे जोडून घराचे नाव झाले.

घराणे मोठे. जहांगीरजींची बहीण सर दोराबजी टाटांना दिलेली. त्यांचे थोरले चिरंजीव म्हणजे आपल्या अणुशक्ती कार्यक्रमाचे जनक डॉ. होमी भाभा. त्यांनी १२ मार्च १९४४ रोजी दोराबजी टाटा विश्वस्त निधीकडे पत्र लिहून विज्ञान-संशोधनासाठी संस्था मागितली, आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लां पर्वतावर विमान कोसळून ते गेले. धाकटे बंधू जमशेद यांनी घर सांभाळले. ते २००७ साली वारले, तेव्हा घर नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या, त्यांनीच उभारलेल्या कलासंस्थेला गेले.

पुढे काय झाले? १८ जून २०१४ रोजी लिलाव झाला. बोली गेली ३७२ कोटी रुपयांवर! येथे भाभांचे स्मारक करा, अशी अणुसंशोधन केंद्रातल्या कर्मचाऱ्यांची मागणी होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, पण लिलाव काही थांबला नाही. २०१६ साली बंगला पाडला गेला.

आता कोणाला दोष द्यावा? जरा थांबा. कलासंस्थेलाही पैसा लागतोच, आणि मालमत्ता तिची होती. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा पाहावा, तर तो निदान शंभर वर्षांच्या जुन्या वास्तूंसाठी आहे. शहराची वारसा-यादी असते, पण त्या यादीत मेहरानगीर नव्हता. मग जमिनीचा भाव घराच्या आठवणीपेक्षा जड झाला, यात नवल ते काय?

याउलट आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापूकुटी पाहा. गांधीजी १९३६ साली तेथे राहावयास आले. बांबू, माती आणि कवेलू, एवढाच काय तो ऐवज. मातीच्या घराला दर साल लिंपण-सारवण लागते, पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागतात. तरी कुटी उभी आहे, कारण आश्रम प्रतिष्ठान ती सांभाळते. म्हणजे घर चुन्यादगडाने टिकते असे नव्हे बरं का. त्याची काळजी वाहणारे कोणी असावे लागते, आणि ते वेळेवर ठरावे लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम गावातही करता येईल. तुमच्या गावात जुना वाडा, धर्मशाळा किंवा पायविहीर असेलच. मुलांना घेऊन जा. लांबी-रुंदी मोजवा, लाकडावरचे कोरीव काम काढून घ्या, म्हाताऱ्या माणसांना विचारून हकीकत लिहवून घ्या. मालक कोण, हे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये पाहता येते. अशी एक वही शाळेत ठेवा. सगळेच वाडे वाचतील असे नाही. भाऊहिश्शात कित्येक पडतील. पण ज्या वास्तूची नोंदच नाही, ती वाचवा म्हणून सांगायला आपण कोणत्या तोंडाने जाणार?