चिरेवरचे मलम

ज्या दुखण्याविषयी मी आज बोलणार आहे, ते माणूस घरच्यांनाही सांगत नाही. शाहूपुरीतल्या माझ्या दवाखान्यात रुग्ण येतो, आधी गुडघ्याचे सांगतो, मग पित्ताचे, आणि उठून दाराशी गेल्यावर हळूच म्हणतो, "डॉक्टर, जरा मूळव्याधीचाबी तरास हाय." तपासून पाहावे तर कितीदा तरी मूळव्याध नसतेच. गुदद्वाराच्या कडेला, बहुधा मागच्या बाजूला, एक चीर पडलेली असते. तिलाच फिशर म्हणतात.

दोन्हींतला फरक सोपा आहे. मूळव्याधीत रक्त जाते, पण सहसा दुखत नाही. फिशरमध्ये रक्त थेंबभर आणि वेदना मात्र जीव नकोसा करणारी. काच कापत गेल्यासारखे वाटते आणि पुढे तासन्तास ठणकते. आयुर्वेदातले 'परिकर्तिका' हे नाव कापल्यासारख्या या वेदनेवरूनच पडले आहे.

शाहूपुरी ही पहिल्यापासून व्यापाराची पेठ, गुळाच्या उलाढालीने वाढलेली. दिवसभर एका जागी बसणे, पाणी कमी, जेवणाला वेळ नाही, सकाळची वेळ चुकली तर चुकली. मग मळ कडक होतो आणि नाजूक त्वचा फाटते. तांबड्या रश्शावर सगळा दोष घालू नका. तिखटाने चीर पडत नाही. पडलेल्या चिरेला ते झोंबते, एवढे खरे. बाळंतपणानंतर बायकांनाही हा त्रास होतो आणि त्या तर बोलतच नाहीत. एक ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची मुलगी तीन वर्षांची झाली होती. त्या दिवसातून एकदाच जेवत होत्या. कारण विचारले तर म्हणाल्या, "कमी खाल्लं की कमी जावं लागतं." वजन उतरले होते, हिमोग्लोबिनही उतरले होते. घरात कोणाला पत्ता नव्हता.

बोटाला कापले तर आठवड्यात भरते, मग ही एवढीशी चीर महिनोन् महिने का भरत नाही? गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन वलये असतात. बाहेरचे आपल्या ताब्यात, आतले नाही. चीर दुखली की आतले वलय आवळते. आवळले की तिथला रक्तपुरवठा घटतो, आणि रक्त पोचले नाही तर जखम भरायची कशी? त्यात माणूस भीतीने शौच टाळतो, मळ आणखी कडक होतो, चीर पुन्हा उकलते. सहा-आठ आठवडे असे गेले की फिशर जुनाट झाले असे आम्ही म्हणतो. तिच्या टोकाशी कातडीचा एक कोंब येतो आणि लोक त्यालाच मूळव्याध समजतात.

मलमाचे काम हे आवळलेले वलय सैल करण्याचे आहे. यातले एक औषध तर नायट्रोग्लिसरीन. होय, आल्फ्रेड नोबेल यांनी ज्यापासून डायनामाइट बनवले तेच. त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि ते स्नायूंना ढिले पडण्याचा निरोप देते. हा वायू शरीरात असा निरोप्याचे काम करतो, या शोधाला १९९८ साली नोबेल पारितोषिकच मिळाले. हृदयविकारात जिभेखाली ठेवायची गोळी याच औषधाची. फिशरसाठी ते मलमात अगदी अत्यल्प, ०.२ ते ०.४ टक्के असते. त्याची खोड एकच, डोके दुखते. चौघांत एकाला तरी. दुसरे औषध डिल्टियाझेम, दोन टक्क्यांचे. त्याने डोके कमी दुखते, क्वचित खाज येते. माझा कल आधी याच्याकडे असतो.

वाटाण्याएवढे मलम दिवसातून दोनदा, गुदद्वाराच्या कडेला आणि किंचित आत लावायचे. खोलवर घालण्याची गरज नाही. हात धुवायचे. नायट्रोग्लिसरीन लावताना आडवे पडावे, कारण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. सिल्डेनाफिल जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते मुळीच वापरू नये. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना तसे आधी सांगावे. आणि मुख्य म्हणजे सहा ते आठ आठवडे लावावे. दहाव्या दिवशी दुखणे कमी होते, ट्यूब कपाटात जाते, आणि दोन महिन्यांनी तोच रुग्ण पुन्हा दाराशी उभा! वेदना थांबली म्हणजे चीर भरली असे नव्हे.

सोबत इसबगोल, पण पेलाभर पाण्याबरोबर, नाहीतर उलटाच परिणाम. भाकरी, पालेभाज्या, कडधान्ये. शौचानंतर टबात कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसावे. त्यात जंतुनाशक ओतू नये, आग होते. मोबाइल घेऊन संडासात बसू नये. दुकानात मागून आणलेली मूळव्याधीची मलमे मात्र महिनोन् महिने लावू नका. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असते, त्याने कातडी पातळ होते. 'विनाऑपरेशन मुळापासून बरे' अशा पाट्या लावून जागा जाळणाऱ्यांकडे तर फिरकूच नका.

मलमाने सगळेच बरे होतात असे मी सांगणार नाही. साधारण निम्मे किंवा थोडे अधिक बरे होतात, आणि त्यांतही काहींना चीर पुन्हा पडते. उरलेल्यांसाठी आतल्या वलयाचा थोडा भाग कापण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे. तिने शंभरातले नव्वदहून अधिक बरे होतात. पण काहींचा वायूवरचा ताबा थोडा सैल होतो. म्हणून आधी मलम, मग शस्त्रक्रिया.

चीर बाजूला असेल, एकाहून अधिक असतील किंवा दुखतच नसेल, तर क्षयरोग किंवा आतड्याचा दाह आहे का ते पाहावे लागते. आणि पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर रक्त जाऊ लागले, ते मळात मिसळून येत असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन घटत असेल, तर मलमात एक दिवसही घालवू नका. आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घ्या.