गिऱ्हाईक कोणाचे?

शहापूर-मुरबाडकडे मुंबई-कल्याणच्या लोकांचे बंगले उभे राहिले आणि गवंडी, रंगारी, वायरमन म्हणून आपल्या मुलांना गावाजवळ काम मिळाले. त्यातले काही आता स्वतःच कामे घेतात. सगळे काम एकाने अंगावर घ्यायचे; फरशी एकाला, वायरिंग दुसऱ्याला उक्ते द्यायचे. इथेच दुखणे सुरू होते. पुढच्या वर्षी मालकाला खोली वाढवायची असते, आणि तो परस्पर पोटठेकेदाराला बोलावतो! "माझे गिऱ्हाईक पळवले" म्हणून एकाच वस्तीतली दोन घरे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

कागद करावा, हे खरे. पण कागदाचे बळ किती, तेही समजून घ्या. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ सांगते, की कोणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. म्हणून काम संपल्यावर "या मालकाकडे पुन्हा जायचे नाही" ही अट कोर्टात टिकणे कठीण. काम चालू असतानाची अट निराळी. आपल्या शेजारच्या कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला सुपरवायझर पाच वर्षांचा करार मध्येच टाकून १९६४ साली कोट्याच्या कंपनीत गेला. मुदत संपलेली नव्हती, म्हणून १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील मनाई कायम ठेवली. तो करार नोकरीचा होता, ठेक्याचा नव्हे. पण फरक कळायला पुरेसा आहे.

तेव्हा पुढचे गिऱ्हाईक टिकते ते वागण्याने. वायरिंग कोण करणार हे मालकाला आधीच सांगा, जबाबदारी माझी असेही सांगा. मोजमाप स्वतः घ्या, पावती स्वतःच्या नावाची द्या. पहिल्या पावसानंतर गच्ची बघायला न बोलावता जा. नुसते मधले पैसे खाणारा आणि साइटवर तोंड न दाखवणारा ठेकेदार मालकाने का लक्षात ठेवावा?

आणि पोटठेकेदाराचे पैसे! मालकाकडून आले की त्याच दिवशी मोकळे करा. आमच्या मते बहुतेक भांडणांचे मूळ इथेच असते. तीन महिने हेलपाटे घालून जो माणूस शेवटी थेट मालकाच्या दारात उभा राहतो, त्याला चोर म्हणायला आमची जीभ रेटत नाही. उचल किती, बाकी किती, याची वही घरातल्या ताईंकडे द्यावी. फोनही पुष्कळदा त्याच घेतात.

कागदावर चार ओळी पुरेत: काम कोणते, दर काय, पैसे केव्हा, आणि काम चालू असेपर्यंत मालकाने जागेवर काही वाढवायला सांगितले तर आधी ठेकेदाराला कळवायचे. खाली तारीख, दोघांच्या सह्या, आणि एकेक प्रत दोघांकडे.