मुलांच्या यकृतात चरबी, धोका हृदयाला

नरखेड तालुका संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. मात्र, संत्री सोलून खाणे आणि साखर घातलेला रस पिणे, यांत मुलांच्या यकृताच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. चोथा नसलेल्या रसातील व शीतपेयांतील फ्रुक्टोज ही शर्करा मुख्यतः यकृतातच पचते. जादा झाल्यास तिची चरबी होते.

अमेरिकेत २००८ मध्ये वजन जास्त असलेल्या ३०० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी यकृतात चरबी असलेल्या १५० मुलांत रक्तदाब, रक्तशर्करा व घातक कोलेस्टेरॉल इतरांहून अधिक आढळले. हृदयविकाराचा पाया बालपणीच असा रचला जाऊ शकतो.

दिलासा एवढाच, की हा आजार मागे फिरवता येतो. २०१९ मधील अभ्यासात ८ आठवडे साखर व रस जवळजवळ बंद केलेल्या किशोरांच्या यकृतातील चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली.