सायलेन्सरच्या पोटात

पंजाब, इंदौरी, डॉल्फिन, गोल्डस्टार, मेगाफोन. दुकानदार बुलेटच्या सायलेन्सरांची नावं एका दमात घेतो आणि भिंतीवर टांगलेल्या चकचकीत नळ्यांवरून बोट फिरवत जातो. त्यातला इंदौरी आमच्या इंदूरच्या नावाचा. देशभरातल्या बुलेटवाल्यांना तो ठाऊक आहे. गिऱ्हाईक बहुधा विशीतलं. त्याला लेग गार्ड हवा, फॉग लाइट हवेत, हँडलच्या टोकाला लागणारे गोल आरसे हवेत. साडी गार्ड मात्र काढून हवा, कारण त्यानं गाडी ‘घरगुती’ दिसते. पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमानं सक्तीचं आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. सगळं बघून झालं की मुलगा मनातलं बोलतो, “भिया, आवाज में बेस चाहिए।”

हा बेस घडतो कसा, हे बघायला मी सरवटे बस स्थानकाजवळच्या एका गॅरेजात जाऊन बसलो. तिथला उस्ताद मराठी घरातला. त्याचं मराठी इंदूरचं. वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतं. गाळ्याच्या कोपऱ्यात त्यानं कंपनीचा एक जुना सायलेन्सर उभा चिरून ठेवलाय, नव्या पोरांना शिकवायला.

बाहेरून सरळसोट दिसणाऱ्या त्या नळकांड्याच्या आत तीन खोल्या आहेत. मध्ये पत्र्याचे पडदे, त्यांतून आरपार गेलेल्या लहान नळ्या. धूर एका खोलीतून दुसरीत जातो, मागे वळतो, पुन्हा पुढे येतो आणि मगच बाहेर पडतो. उभी गाडी मिनिटाला हजार फेऱ्यांवर चालू असेल तर एका सिलिंडरच्या इंजिनात, दर दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे, मिनिटाला पाचशे स्फोट होतात, सेकंदाला साधारण आठ. दर वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाखालचा तापलेला वायू बेंड पाइपमध्ये झेपावतो. आवाज म्हणजे त्या दाबाची लाट. खोल्यांच्या भिंतींवर आपटून लाटा परत फिरतात, मागून येणाऱ्या लाटांना भिडतात आणि एकमेकींचा जोर जिरवतात.

बाजारातल्या ग्लास वूल प्रकाराची रचना वेगळी. आत आरपार एकच नळी, तिला बारीक भोकं, भोवती काचेची लोकर गुंडाळलेली. आवाजातला तीक्ष्ण भाग लोकर शोषून घेते, जाड भाग बराचसा तसाच बाहेर पडतो. मुलं ज्याला बेस म्हणतात तो हाच. वापरानं लोकर जळते, झडते, आणि मग आवाज फाटतो.

उस्तादाचा हात मी जवळून पाहिला तो एका जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या क्लासिक ३५० वर. तक्रार होती की ॲक्सिलरेटर सोडला की गाडी फटाके मारते. त्यानं गाडी चालू केली, जाड ओला कपडा दुमडून सायलेन्सरच्या तोंडावर दाबला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. कोंडलेला वायू फट शोधतोच. बेंड पाइप जिथं सिलिंडर हेडला जोडलेला असतो, तिथून बारीक ‘फिस्स’ आलं. “बघा भाऊ, इथून हवा खातेय. पोरं कार्ब्युरेटर खोलत बसतात, खराबी यहाँ है.” गळक्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते, तापलेल्या नळीत न जळलेल्या पेट्रोलला भेटते आणि भडका उडतो. त्यानं जुनं गॅसकेट खरवडून काढलं, नवं बसवलं आणि नट आलटून पालटून थोडे थोडे आवळले. एकच नट आधी पक्का केला तर जोड तिरका बसतो. पुन्हा कपडा दाबला. या वेळी ‘फिस्स’ आलं नाही, इंजिन तिथंच बंद पडलं. धुराला कुठूनच वाट उरली नाही, म्हणजे जोड घट्ट बसला.

एवढा तयार कान आणि हात असलेल्या माणसाकडे गिऱ्हाईक मागतं काय, तर कंपनीनं जिरवलेला आवाज परत द्या. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत ही मागणी आणखी महागात पडते. त्यांच्या धुराच्या वाटेवर कॅटकॉन, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्याच्या जाळीवरचे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं निरुपद्रवी वायूंत रूपांतर घडवतात. आवाजासाठी तो काढला की गाडी मोठ्यानं बोलते आणि विषही ओकते. उस्ताद कॅटकॉनला हात लावत नाही. “आमची पण पोरं याच हवेत श्वास घेतात,” एवढंच तो म्हणाला.

आवाज किती हवा हे मोजून ठरवता येतं, आणि ते मोजण्याची जागा इंदूरला लागूनच आहे. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग २०२१ मध्ये खुला झाला. वाहनांचा आवाज तपासायला तिथं वेगळा ट्रॅक आहे. अशा चाचणीत मार्गाच्या मध्यापासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर माइक लावतात आणि गाडी समोरून जोरात नेतात. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकींना २००५ पासून मर्यादा आहे ८० डेसिबलची. ८० चे ९० झाले तर आकडा थोडासाच वाढलेला दिसतो. कानावर आदळणारी ऊर्जा मात्र दहापट झालेली असते. रस्त्यालगतच्या घरात झोपलेलं तान्हं मूल आणि दवाखान्यातला रुग्ण ती दहापट सोसतात. त्यांनी बेस मागितलेला नसतो.

कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाची मर्यादा मोडण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे, शिवाय तीन महिने परवानाही जातो. पोलिस सायलेन्सर जप्त करतात, रांगेत मांडून त्यांवर रोड रोलर फिरवतात. तरी दुकानातल्या भिंतीवर नव्या नळ्या लागतातच, कारण गाडी आपल्या हातानं सजवावी ही हौस रोलरखाली चिरडली जात नाही. तिला रीतसर वाट हवी असते. युरोपात बदली सायलेन्सर चाचणीला उतरतो, त्यावर मंजुरीची खूण उमटते. दुचाकींच्या अशा सायलेन्सरांसाठी संयुक्त राष्ट्रांचा ९२ क्रमांकाचा नियम आहे. तिथं मर्यादेत राहून वेगळा सूर देणारा सायलेन्सर राजरोस विकत घेता येतो.

आपल्या गल्लीतल्या कारागिराला ही चाचणी परवडेल अशी सोय झाली पाहिजे. त्याचा नमुना पीथमपूरला जावा, माइकसमोर धावावा, आणि पास झाला तर त्यावर खूण उमटावी. मोजमाप कळलं की हाच उस्ताद ७८ डेसिबलमध्ये घुमणारा सायलेन्सर बनवून दाखवेल, अशी माझी खात्री आहे. कपडा दाबून फट ओळखणाऱ्याला ते अवघड नाही. मग इंदौरी या नावाला देशभर भारीपणाबरोबर भरवशाचाही मान मिळेल, आणि तो मिळवून देण्याची कुवत या गावाच्या गॅरेजांत आजच आहे.