मशीनला कोन सांगावा लागतो

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये काय किंवा लातुरात काय, एमआरआयच्या खोलीबाहेर आधी दागिने उतरतात. आईचं मंगळसूत्र, जोडवी. बाळाचा चांदीचा करदोटा, वाळे, गळ्यातला तावीज. आतला चुंबक बहुधा दीड टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट, आणि तो रात्रीही बंद होत नाही. त्याच्या तारा उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममुळे थंड राहतात. शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी डिवचायचा आणि तो जे परत पाठवतो त्यातून चित्र उभं करायचं. क्ष-किरण नाहीत, पण खडखडाट भयंकर. म्हणून लहान मुलाला बहुतेकदा झोपेचं औषध देऊनच आत घेतात.

नांदेडला १९८८ मध्ये, लातूरला २००२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत मुलं तपासतात. तेव्हा देगलूर-किनवटच्या किंवा उदगीर-निलंग्याच्या मुलाला मशीनपर्यंतची वाट आहे. पण चिठ्ठीवर 'फिट येतात, वाढ मागे, एमआरआय ब्रेन' एवढंच असलं, की घोडं पेंड खातं.

कारण अशा मुलात शोधायची एक जागा फार लहान आहे. मेंदूतला हा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस, कानशिलाच्या आत, दोन्हीकडे एकेक. त्याचं मोल असं कळलं: १९५३ मध्ये अमेरिकेत फिट थांबवण्यासाठी हेन्री मोलेसन या तरुणाचे दोन्हीकडचे हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढले. फिट कमी झाल्या, पण नवी आठवण साठवणंच थांबलं. हा भाग गुंडाळलेला असतो. अळूवडीचा उंडा आडवा कापला तरच चकतीत थर दिसतात, तसंच इथे. त्याच्या लांबीला काटकोनात, पातळ काप घ्यावे लागतात. नेहमीच्या पाच मिलिमीटरच्या कापांत तो निसटतो. मिरगीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये काटकोनातले पातळ काप शिफारशीत घातले.

ही गुंडाळी गर्भात, विसाव्या आठवड्याच्या आगेमागे आकार घेते. त्याच सुमारास मेंदूचे दोन भाग जोडणारा तंतूंचा जाड पट्टा, कॉर्पस कॅलोसम, पुरा होत असतो. तो तयारच झाला नाही तर हिप्पोकॅम्पस बऱ्याचदा अर्धवट वळलेला, उभट-गोल राहतो आणि शेजारची पाण्याची पोकळी रुंद दिसते. घाईत तिला 'डोक्यात पाणी' म्हटलं जातं. मेंदूला वळ्याच कमी पडलेल्या लिसेनसेफलीतही हीच जागा बिघडते. रीलिन या जनुकाच्या दोषात तर लहान मेंदू आणि हिप्पोकॅम्पस दोन्ही नीट घडत नाहीत. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची रीत पाहता डॉक्टरने नातं विचारलं तर रागावू नये. अर्थात असे सगळेच दोष नात्यातल्या लग्नाने होत नाहीत, आणि आईला बोल लावायचं तर काहीच कारण नाही.

उलट बाजूचा धोकाही आहे. २०१५ मध्ये युरोपातल्या दोन हजारांवर जणांच्या अभ्यासात, साधारण सहांतल्या एकाचा डावा हिप्पोकॅम्पस पुरता वळलेला नव्हता. ही धडधाकट माणसं होती! म्हणून नुसता वेगळा आकार दिसला की फिटचं मूळ सापडलं, असं म्हणणं मला उतावीळपणाचं वाटतं. आक्रसलेला, एमआरआयच्या फ्लेअर या प्रकारच्या चित्रात पांढरा उजळलेला हिप्पोकॅम्पस ही निराळी गोष्ट. तिथे ईईजी जुळला आणि औषधं हरली तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. वेगळा आकार आणि आक्रसणं, दोन्ही एकाच मेंदूत असू शकतात, तेव्हा मात्र रेडिओलॉजिस्टचा कस लागतो.

वयाचंही आहे. सहा महिने ते दोन वर्षं या काळात मज्जातंतूंवर आवरण चढत असतं, तेव्हा राखाडी-पांढऱ्या भागांची सीमा धूसर दिसते. शंका उरली तर दोन-अडीच वर्षांनंतर तपासणी पुन्हा करतात. तोवर फिल्मपेक्षा सीडी जपावी. फिल्मवर निवडकच चित्रं असतात. थ्री-डी चित्रं घेतली असतील, तर सीडीवरून पुण्या-मुंबईचा डॉक्टर तोच मेंदू हव्या त्या कोनातून पुन्हा कापून पाहू शकतो.