स्वेन क्रामर : पंचवीस फेऱ्यांचा हिशेब

लेखमाला : बर्फ आणि घड्याळ (लेखांक सहावा)

पुरुषांच्या स्पीड स्केटिंगमध्ये दहा हजार मीटरची शर्यत प्रेक्षकाला सर्वांत कंटाळवाणी आणि खेळाडूला सर्वांत कठीण वाटते, आणि या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे : ती सुमारे पावणेतेरा मिनिटे चालते आणि सर्व काही सुरळीत झाले, तर त्या वेळात पाहण्याजोगे काहीच घडत नाही. चारशे मीटरची एक फेरी, मग तितक्याच सेकंदांची दुसरी, मग तशीच तिसरी, असे पंचविसाव्या फेरीपर्यंत चालू राहते. ज्याच्या फेऱ्यांच्या वेळांत शेवटपर्यंत कमीत कमी फरक पडतो तो बहुधा जिंकतो. हे ‘काहीच न घडणे’ ज्याने एका पिढीभर सर्वांपेक्षा चांगले साधले, त्या नेदरलँड्सच्या स्वेन क्रामरची कारकीर्द या लेखांकाचा विषय आहे. आश्चर्य असे की, हे कौशल्य जिथे सर्वांत जास्त उपयोगी पडावे त्या ऑलिम्पिकमधील दहा हजार मीटरच्या शर्यतीनेच त्याला अखेरपर्यंत सुवर्णपदक दिले नाही.

क्रामरचा जन्म २३ एप्रिल १९८६ रोजी हेरेनफेन येथे झाला. हे गाव नेदरलँड्सच्या उत्तरेकडील फ्रीसलंड प्रांतात आहे. कालवे आणि तळी यांनी भरलेल्या या प्रांताला स्वतःची फ्रीजियन भाषा आहे, आणि अकरा गावांना जोडणारी सुमारे दोनशे किलोमीटरची ‘एल्फस्टेडेनटोख्ट’ ही नैसर्गिक बर्फावरील स्केटिंग-यात्रा तिथल्या लोकस्मृतीत एखाद्या सणाइतकी पक्की बसली आहे. पुरेसा जाड बर्फ साचला तरच ती होते, आणि १९९७ नंतर तो तसा साचलेला नाही. याच हेरेनफेनमध्ये थिआल्फ नावाची कृत्रिम बर्फाची धावपट्टी आहे. तिचे नाव नॉर्स पुराणातील थॉर देवाच्या सेवकावरून पडले. आधी उघड्यावर असलेल्या या धावपट्टीवर १९८६ मध्ये छप्पर चढले, म्हणजे छप्पर आणि क्रामर एकाच वयाचे. वडील येप क्रामर हे स्वतः राष्ट्रीय दर्जाचे स्केटर होते. तेव्हा स्वेनने हा खेळ निवडला असे म्हणण्यापेक्षा तो या खेळातच वाढला असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

त्याची कारकीर्द समजण्यासाठी ‘ऑलराउंड’ या स्पर्धाप्रकाराची ओळख आवश्यक आहे, कारण ऑलिम्पिकमध्ये तो नसल्यामुळे बाहेरच्या जगाला त्याची फारशी माहिती नसते; डच रसिक मात्र खरा विजेता त्यातूनच ओळखतात. पुरुषांच्या परंपरागत ऑलराउंड स्पर्धेत एकाच खेळाडूला पाचशे, पंधराशे, पाच हजार आणि दहा हजार मीटर अशा चार शर्यती धावाव्या लागतात, आणि प्रत्येक शर्यतीची वेळ पाचशे मीटरच्या प्रमाणात आणून तिचे गुण काढले जातात. पाच हजार मीटरची वेळ ६ मिनिटे ३.३२ सेकंद असेल तर ३६३.३२ सेकंदांना दहाने भागून ३६.३३२ गुण मिळतात. दहा हजारांसाठी वीसने भागायचे. चारही आकड्यांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. या हिशेबात पाचशे मीटरमधील एका सेकंदाची किंमत दहा हजार मीटरमधील वीस सेकंदांएवढी होते, त्यामुळे केवळ दमदार खेळाडूला किंवा केवळ वेगवान खेळाडूला तिथे थारा नसतो. क्रामरने ही जागतिक स्पर्धा २००७ ते २०१७ या काळात नऊ वेळा जिंकली आणि युरोपीय अजिंक्यपद दहा वेळा मिळवले. मधला २०११ चा हिवाळा मांडीच्या दुखापतीमुळे पूर्णपणे वाया गेला. ती नसती तर हे आकडे किती झाले असते याची कल्पना वाचकाने करावी.

वर घेतलेली ६ मिनिटे ३.३२ सेकंदांची वेळ काल्पनिक नाही. ती क्रामरने नोव्हेंबर २००७ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे नोंदवली आणि तो जागतिक विक्रम दहा वर्षे टिकला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे त्याने दहा हजार मीटरचे अंतर १२ मिनिटे ४१.६९ सेकंदांत कापले होते. म्हणजे प्रत्येक फेरी सरासरी साडेतीस सेकंदांची. हे दोन्ही विक्रम हेरेनफेनऐवजी उत्तर अमेरिकेतील उंचावरच्या शहरांत झाले हा योगायोग नव्हे. स्केटरची बहुतेक शक्ती बर्फाच्या घर्षणापेक्षा हवेचा अडथळा भेदण्यात खर्च होते, आणि समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर हवा विरळ असल्यामुळे तो अडथळा कमी होतो. याउलट फ्रीसलंड जवळजवळ समुद्राच्याच पातळीवर आहे, म्हणून तिथल्या वेळा आणि सॉल्ट लेक सिटीच्या वेळा समोरासमोर ठेवून खेळाडूंची तुलना करणे फसवे ठरते.

आता या लेखांकाच्या गाभ्याकडे, म्हणजे २३ फेब्रुवारी २०१० या दिवसाकडे वळता येईल. पण त्यासाठी धावपट्टीची भूमिती नीट लक्षात घ्यावी लागेल. लांब पल्ल्याच्या स्पीड स्केटिंगमध्ये दोन खेळाडू एका वेळी, दोन मार्गिकांमधून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धावतात. मार्गिका सुमारे चार मीटर रुंद असल्यामुळे अर्धवर्तुळाकार वळणावर बाहेरचा खेळाडू आतल्यापेक्षा साडेबारा मीटर जास्त अंतर कापतो. हा अन्याय दूर करण्यासाठी प्रत्येक फेरीत, समाप्तीरेषेच्या पलीकडील बाजूच्या सरळ पट्ट्यावर, दोघांनी मार्गिकांची अदलाबदल करायची असते : आतला बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. अशा रीतीने प्रत्येकाच्या वाट्याला फेरीमागे एक आतले आणि एक बाहेरचे वळण येते आणि फेरी बरोबर चारशे मीटरची होते. ही अदलाबदल चुकली तर खेळाडू बाद होतो. चूक जाणूनबुजून होती की नव्हती, तिचा फायदा किती झाला, हे प्रश्न नियम विचारत नाही.

अदलाबदलीच्या त्याच सरळ पट्ट्याजवळ प्रशिक्षक उभा असतो. त्याच्या हातात एक पाटी असते आणि प्रत्येक फेरीला तो तिच्यावर त्या फेरीची वेळ दाखवतो. कमरेत वाकून, एक किंवा दोन्ही हात पाठीवर ठेवून, ताशी सुमारे ४६ किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या खेळाडूला घड्याळ दिसत नाही; त्यामुळे वेळेचा सगळा हिशेब त्याने प्रशिक्षकाकडे सोपवलेला असतो. दहा हजार मीटर चांगले धावणाऱ्याचे मन जवळजवळ रिकामे असावे लागते. पावलांची लय मोडेल असा कोणताही विचार त्याला परवडत नाही, आणि ‘आता आत की बाहेर’ हा विचारही त्यातलाच आहे.

व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये क्रामरने दहा दिवस आधी पाच हजार मीटरचे सुवर्ण जिंकले होते आणि दहा हजार मीटरमध्ये तर त्याला प्रतिस्पर्धीच नाही असे मानले जात होते. शर्यतीच्या आठ फेऱ्या उरल्या असताना तो आतले वळण संपवून नियमाप्रमाणे बाहेरच्या मार्गिकेकडे निघाला होता. प्रशिक्षक गेरार्ड केमकर्स, जे स्वतः १९८८ च्या कॅल्गरी ऑलिम्पिकचे कांस्यपदक विजेते होते, त्यांनी नेमक्या त्या वेळी त्याला आत जाण्याची खूण केली. क्रामर क्षणभर अडखळला, मार्गिकांच्या मधल्या खुणांजवळ त्याने दिशा बदलली आणि तो पुन्हा आतल्या वळणावर गेला. उरलेले अंतर त्याने तसेच, त्याच लयीत पूर्ण केले. १२ मिनिटे ५४.५० सेकंद ही त्याची वेळ सर्वांत कमी होती; समाप्तीनंतर त्याने विजयाच्या आनंदात हात उंचावले आणि त्यानंतर काही क्षणांतच केमकर्स यांच्याकडून त्याला तो बाद झाल्याचे कळले. डोळ्यांवरचा चष्मा त्याने बर्फावर भिरकावला.

सुवर्णपदक कोरियाच्या ली स्यूंग-हून याला १२ मिनिटे ५८.५५ सेकंदांच्या वेळेसाठी मिळाले. छोट्या धावपट्टीवरील शॉर्ट ट्रॅक प्रकारातून तो आदल्याच वर्षी या खेळात आला होता. रौप्यविजेता रशियाचा इव्हान स्कोब्रेव आणि कांस्यविजेता डच बॉब दे योंग यांनी सत्काराच्या वेळी त्याला खांद्यावर उचलून घेतले. येथे साधे गणित करून पाहण्यासारखे आहे : चुकलेल्या वळणामुळे क्रामरचे अंतर साडेबारा मीटरने, म्हणजे त्याच्या वेगानुसार सुमारे एका सेकंदाने कमी झाले, आणि तो लीच्या पुढे होता चार सेकंदांनी. नियमानुसार धावला असता तरी तो जिंकलाच असता. हे गणित क्रामरच्या बाजूने कितीही बोलत असले, तरी निर्णय योग्यच होता असे म्हणावे लागते. कारण शर्यतीचे अंतर सर्वांना समान असणे एवढी एकच गोष्ट या खेळात घड्याळाला अर्थ देते, आणि ‘थोडेसेच कमी’ हे माप एकदा मान्य केले की घड्याळ ठेवण्याचे कारण उरत नाही.

या घटनेचा दोष केमकर्स यांच्या माथी मारला गेला आणि त्यांनी तो स्वीकारलाही. तरी ती चूक केवळ एका माणसाच्या बेसावधपणाची नव्हती. ज्या शिस्तीमुळे क्रामर सर्वांपेक्षा समान फेऱ्या धावू शकत होता, म्हणजे स्वतः हिशेब न करता तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची शिस्त, तिच्यातच ही चूक दडलेली होती. त्याच्या शरीराला बरोबर मार्ग माहीत होता. त्याने तो धरलाही होता. पण प्रशिक्षकाच्या हातावर स्वतःच्या पायांपेक्षा जास्त विश्वास ठेवण्याची सवय त्या अर्ध्या सेकंदात वरचढ ठरली. क्रामरने प्रशिक्षक बदलला नाही. महिन्याभरात त्याने थिआल्फच्या छपराखाली पुन्हा जागतिक ऑलराउंड अजिंक्यपद मिळवले आणि पुढची चार वर्षे तो केमकर्स यांच्याच हाताखाली राहिला.

नंतरच्या कारकिर्दीत यशाची कमतरता नव्हती. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सने स्पीड स्केटिंगच्या ३६ पैकी २३ पदके नेली. क्रामरने पाच हजार मीटर जिंकले आणि ‘टीम परस्यूट’मध्येही सुवर्ण मिळवले. या प्रकारात तीन खेळाडूंचा संघ एकत्र धावतो आणि तिसऱ्याने रेषा ओलांडली तेव्हाची वेळ संघाची मानतात. २००६ मध्ये तुरिन येथे याच प्रकारात उपांत्य फेरीत क्रामर पडला होता आणि संघाला कांस्यावर समाधान मानावे लागले होते. २०१८ मध्ये प्याँगचांग येथे पाच हजार मीटरचे सलग तिसरे सुवर्ण जिंकून असे करणारा तो पहिला पुरुष स्पीड स्केटर ठरला. एकूण ऑलिम्पिक पदके नऊ, त्यांपैकी चार सुवर्ण.

दहा हजार मीटर मात्र हाती लागले नाही. सोची येथे सहकारी योरित बर्गस्माने १२ मिनिटे ४४.४५ सेकंदांची विलक्षण वेळ देऊन त्याला रौप्यावर ठेवले. प्याँगचांग येथे तो सहावा आला आणि विजेता होता टेड-यान ब्लूमेन, जो नेदरलँड्समध्येच वाढला होता, पण २०१४ मध्ये कॅनडात गेला होता. क्रामरचे दहा हजार आणि पाच हजार मीटरचे दोन्ही जागतिक विक्रम अनुक्रमे २०१५ आणि २०१७ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या त्याच विरळ हवेत मोडणाराही तोच. जागतिक स्पर्धांत दहा हजार मीटर पाच वेळा जिंकणाऱ्या माणसाच्या बाबतीत याला दुर्बलता म्हणता येणार नाही. चार वर्षांतून एकदा येणारा दिवस त्याच्या बाजूचा निघाला नाही, इतकेच.

२०२२ मध्ये बीजिंग येथे, पस्तिसाव्या वर्षी, तो पाचव्यांदा ऑलिम्पिकमध्ये उतरला. पाच हजार मीटरमध्ये तो नववा आला आणि स्वीडनचा निल्स व्हान डेर पूल विजयी झाला. दहा हजार मीटरच्या यादीत या वेळी क्रामरचे नाव नव्हते.

(पुढील लेखांकात : क्रामरच्याच महिन्यात, त्याच वर्षी जन्मलेली, पण फ्रीसलंडपासून दूर दक्षिणेकडील ब्राबांट प्रांतातून आलेली इरेन वुस्ट आणि तिची पाच ऑलिम्पिक स्पर्धांतील सुवर्णपदके.)